आशय आणि मजकूर : मोबाइलवरील कथेचा विचार

मराठी समीक्षेत ‘आशय’ हा शब्द रुळून बराच काळ लोटला. त्या शब्दामागे एक निश्चित गृहीत आहे. कलाकृतीत जे सांगितलेले असते ते तिच्या घाटापासून वेगळे काढता येत नाही. काढू गेल्यास हाती कथासार तेवढे उरते. मोबाइलच्या व्यवहारात ‘कंटेंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ याच्या अगदी उलट आहे. तेथे कंटेंट म्हणजे वाहिनीतून वाहून न्यावयाचा माल. मग ती कथा असो, पाककृती असो, की बीजगणिताचा पाठ असो. या अर्थाने येणाऱ्या शब्दाचा अनुवाद ‘आशय’ असा करता येत नाही. ‘मजकूर’ हाच शब्द तेथे खरा ठरतो. हा भेद किरकोळ नाही. मोबाइलवर आलेल्या कथेचा विचार आजवर जवळजवळ सर्वत्र मजकूर म्हणून झाला आहे. ती किती जणांनी वाचली, किती वेळ वाचली, तिने किती जण वाचते झाले, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. तिचा आशय कोणता आणि तो तिच्या घाटाने कितपत पेलला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न विचारण्यास दोन उदाहरणे विशेष उपयोगी आहेत. एक जपानचे, दुसरे दक्षिण आफ्रिकेचे. जपानमध्ये मोबाइलवरील कथा वाचकांतूनच उगवली; दक्षिण आफ्रिकेत ती शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी वाचकांकडे नेली. पहिलीच्या वाट्याला समीक्षकांचा तिटकारा आला, दुसरीच्या वाट्याला त्यांची सवलत. या दोन्ही वृत्तींत समीक्षेचे काम अपुरे राहिले, असे म्हणणे भाग आहे.

प्रथम माध्यमाच्या मर्यादेसंबंधी थोडे स्पष्ट केले पाहिजे. मोबाइलवरील लघुसंदेशाची १६० चिन्हांची मर्यादा वाङ्मयीन विचारातून आलेली नाही. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास बॉन येथे टंकयंत्रावर सुचतील ती वाक्ये लिहून त्यांतील चिन्हे मोजली. रोजच्या व्यवहारातील बहुतेक वाक्ये १६० चिन्हांत बसतात असे त्याला आढळले, आणि तीच मर्यादा पुढे मान्य झाली. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. पण १६० चा हा हिशेब रोमन लिपीचा आहे. देवनागरीत संदेश पाठवायचा तर मर्यादा ७० चिन्हांवर येते आणि काना, मात्रा, हलन्त यांची गणना स्वतंत्र होते. ‘नमस्कार’ हा शब्द चार अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो सात चिन्हांचा ठरतो. मराठी माणूस संदेशांत रोमन लिपीकडे वळला त्याच्या अनेक कारणांत हेही एक कारण होते. माध्यम तटस्थ नसते, एका लिपीला ते उदार आणि दुसरीला कृपण असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

तरीही संक्षेपाला या कथाप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण मानणे चुकीचे होईल. माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ची गाथा दोन ओळींची आहे, ओवीही लहान, म्हणही लहान. संक्षेपाचे शास्त्र मोबाइलने शिकवावे अशी आपली स्थिती नाही. संदेशाचे वेगळेपण अन्यत्र आहे. संदेश उत्तराची अपेक्षा घेऊन येतो. तो ज्या जागी येतो, त्याच जागी आईचा निरोप, मित्राची थट्टा, दुकानदाराची जाहिरातही येत असते. ग्रंथ उघडताना वाचक इतर व्यवहार बाजूला सारतो. संदेशात आलेली कथा त्या व्यवहाराच्या गर्दीतच उभी असते, आणि तिला उत्तर देण्याचा हक्क वाचकाला आधीच मिळालेला असतो. या दोन गोष्टींतून तिचा घाट घडतो, किंवा बिघडतो.

जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीची आय-मोड सेवा फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाली. मोबाइलवरून लेखन प्रसिद्ध करण्याची सोय ‘माहो नो आयरांदो’ या संकेतस्थळाने थोड्याच काळात करून दिली. ‘केताई शोसेत्सु’ म्हणजे मोबाइल-कादंबरी. या प्रकाराचा पहिला गाजलेला लेखक योशी या टोपणनावाने ओळखला जातो. त्याची ‘डीप लव्ह’ २००० पासून मोबाइलवर क्रमशः येऊ लागली आणि वाचकांच्या प्रतिसादाचे पडसाद तिच्या कथानकात उमटत गेले. पुढे २००३–०४ च्या सुमारास ठरावीक मासिक आकारात हवा तितका मजकूर उतरवून घेण्याची योजना मोबाइल कंपन्यांनी आणली. वाचनाचा खर्च पानागणिक वाढेनासा झाला तसे वाचणारे आणि लिहिणारे दोन्ही वाढले. मिका या टोपणनावाच्या तरुणीची ‘कोइझोरा’, म्हणजे ‘प्रेमाचे आकाश’, २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली. २००७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्याच २००७ साली जपानमधील सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळच्या मोबाइलवरील होत्या, आणि ‘कोइझोरा’ त्यांत अग्रस्थानी होती.

या यशाने जपानी वाङ्मयविश्व अस्वस्थ झाले. ‘बुंगाकुकाई’ या प्रतिष्ठित मासिकाने जानेवारी २००८ च्या अंकात मोबाइल-कादंबरी ‘लेखका’चा जीव घेणार काय, असा प्रश्न मुखपृष्ठावर मांडला. आक्षेप ठरीव होते: वाक्ये तुटक, शब्दसंग्रह तोकडा, वर्णनाचा अभाव, पात्रे पुसट. समर्थकांचे उत्तरही ठरीवच होते. हजार वर्षांपूर्वी ‘गेन्जी मोनोगातारी’ दरबारातील वाचकांत प्रकरणाप्रकरणाने फिरली, ती स्त्रियांशी निगडित मानल्या गेलेल्या काना लिपीत लिहिली गेली. तिच्याकडेही पंडितांनी प्रथम कमीपणानेच पाहिले असणार. मोबाइल-कादंबरीही तरुण स्त्रियांची, त्यांच्याच लिपीव्यवहारातली. मग तिला हिणवावे का?

या वादात एक उपकथा मोठी अर्थपूर्ण आहे. सेतौची जाकुचो ही ज्येष्ठ कादंबरीकार आणि बौद्ध भिक्षुणी. ‘गेन्जी’चा आधुनिक जपानी भाषेतील तिचा अनुवाद १९९८ मध्ये पूर्ण झाला. २००८ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, ‘पर्पल’ या टोपणनावाने मोबाइलवर आलेली ‘आशिता नो निजी’, म्हणजे ‘उद्याचे इंद्रधनुष्य’, ही कादंबरी आपलीच असल्याचे तिने जाहीर केले. ‘गेन्जी’च्या लेखिकेच्या नावातील ‘मुरासाकी’ या शब्दाचा अर्थ जांभळा रंग असा आहे. टोपणनावाची ही निवड सूचक आहे. एक थोर अनुवादिका जुन्या ग्रंथाला नव्या भाषेत आणल्यानंतर आणखी एका नव्या भाषेत स्वतः लिहून पाहते, यात अनुवादाच्या वृत्तीचाच विस्तार आहे. परंतु तिच्या या कृतीने प्रकाराला प्रतिष्ठा दिली, प्रश्नाला उत्तर दिले नाही. ‘गेन्जी’ मोठी आहे ती हप्त्याहप्त्याने फिरली म्हणून नव्हे, आणि काना लिपीत लिहिली गेली म्हणूनही नव्हे. काळाच्या ओघात माणसे आणि त्यांच्या वासना कशा विरत जातात याचे जे भान तिच्या रचनेत भिनले आहे, त्यामुळे ती मोठी आहे. बाह्य परिस्थितीचे साम्य हे गुणाचे साम्य नव्हे.

तेव्हा ‘कोइझोरा’कडे तिच्या घाटाच्या अंगाने पाहिले पाहिजे. तसे पाहिले की आक्षेपकांना जो दोष वाटला तोच तिचा सर्वांत जिवंत भाग असल्याचे दिसते. तिच्या निवेदनात ओळी अतिशय लहान आहेत आणि ओळींच्या मध्ये मोकळ्या ओळी आहेत. पडदा वर सरकवणारा अंगठा त्या मोकळ्या जागेतून जातो तेव्हा काही क्षण वाचकासमोर शब्दच नसतात. नायिकेला जे बोलवत नाही ते या रिकाम्या जागेत राहते. मराठी वाचकाला नवकवितेने मुद्रित पानावरील मोकळ्या जागेचे मोल शिकवले आहेच. येथे ती जागा कालाचे एक माप बनते. पुस्तक छापताना प्रकाशकांनीही हे ओळखले. जपानी कादंबरी परंपरेने उभ्या ओळींत छापली जाते. या कादंबऱ्या आडव्या ओळींत, मोकळ्या जागा राखून छापल्या गेल्या. निवेदनाची भाषाही सर्वस्वी त्या मुलींच्या संदेशांची आहे. लेखिका आणि पात्र यांच्यामध्ये प्रमाण भाषेची भिंत उरलेली नाही.

दोष आहे तो घटनांच्या रचनेत. ‘कोइझोरा’त बलात्कार, गर्भपात, प्रियकराचा कर्करोग आणि मृत्यू असे आघात एकामागून एक कोसळतात. प्रत्येक हप्ता वाचकाला पुढच्या हप्त्यापर्यंत धरून ठेवण्याच्या ओढीने लिहिला जातो आणि त्यासाठी प्रत्येक वेळी नवा धक्का लागतो. अशा रचनेत दुःख मुरत नाही; एका दुःखाची जागा दुसरे घेते. मोकळ्या ओळीने जे मौन निर्माण केले, ते पुढच्या ओळीतील अपघात पुसून टाकतो. भाषा अनुभवाला सामोरी गेली आणि कथानक त्याच्यापासून पळाले, असे या कादंबरीचे थोडक्यात वर्णन करता येईल. साध्या भाषेला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांची नजर या खऱ्या उणिवेवर स्थिरावली नाही.

दक्षिण आफ्रिकेतील उदाहरण जवळजवळ उलट्या दिशेने उलगडते. तेथे २००५ साली स्टेलेनबॉश येथून ‘मिक्सिट’ ही संदेशसेवा सुरू झाली. लघुसंदेशाच्या मानाने तिचा खर्च अत्यल्प होता, त्यामुळे तरुण वर्गात ती झपाट्याने पसरली. त्याच देशात निम्म्याहून अधिक घरांत फुरसतीच्या वाचनाचे एकही पुस्तक नाही, असे २००६ च्या एका राष्ट्रीय पाहणीने दाखवले होते. पुस्तक नाही, पण मोबाइल आहे, या जाणिवेतून शटलवर्थ फाउंडेशनने साक्षरतेसाठी मोबाइल वापरण्याचा उपक्रम हाती घेतला आणि ३० सप्टेंबर २००९ पासून सॅम विल्सन यांची ‘काँटॅक्स’ ही कथा रोज एक याप्रमाणे २१ प्रकरणांत प्रसिद्ध झाली. केप टाउनमध्ये भिंतींवर चित्रे रंगवणाऱ्या तरुणांच्या एका गटाची ही कथा आहे. ती इंग्रजीत आणि खोसा भाषेत अशी दोन रूपांत आली. वाचकांनी प्रकरणाखाली अभिप्राय लिहावेत, मत नोंदवावे, कथेच्या पुढच्या भागासाठी कल्पना पाठवाव्यात, अशी योजना होती. २०१० मध्ये याच उपक्रमातून ‘योझा’ हा व्यापक कथासंग्रह मोबाइलवर आला. त्यात नव्या कथांबरोबर शेक्सपिअरची नाटकेही होती. २०११ मध्ये केप टाउनमध्येच ‘फुंड्झा’ ही संस्था निघाली.

या कथांविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी शिक्षणाच्या परिभाषेत आहे. मुले वाचू लागली का? लिहू लागली का? प्रश्न रास्त आहेत; ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातील मुलाच्या हाती कथा पोचणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु या प्रश्नांच्या आड कथेची परीक्षा राहून गेली. कथा म्हणजे शिडी, आणि शिडी चढून गेल्यावर तिच्या लाकडाची चौकशी कोण करतो, अशी काहीशी वृत्ती येथे दिसते. बोधासाठी वाङ्मयाला राबवणे आणि बोधाचे नाव निघताच नाक मुरडणे, या दोन्ही टोकांशी मराठी समीक्षेने कलावाद-जीवनवादाच्या काळात पुष्कळ झुंज दिली आहे. त्या झुंजीतून एवढे तरी निष्पन्न झाले की, कथेपासून वाचक जे शिकतो ते तिच्या कथापणातून शिकतो. ती कथा म्हणून फसली तर शिकवण म्हणूनही फार काळ टिकत नाही.

‘काँटॅक्स’ची रचना सुबक आहे. २१ दिवसांचा अवधी आधीच ठरलेला असल्याने तिला आदि-मध्य-अंत आहे. ‘कोइझोरा’प्रमाणे ती वाचकांच्या उत्कंठेमागे फरफटत जात नाही. तिचा खरा पेच भाषेचा आहे. निवेदन रूढ शुद्धलेखनात आहे. संदेशातील तोडमोडीची भाषा पात्रे एकमेकांना संदेश पाठवतात तेवढ्यापुरतीच येते. शिक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा वाङ्मयीन परिणाम काय होतो? मराठी वाचकाला ही व्यवस्था परिचित आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) संवाद वऱ्हाडीत आहेत आणि निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत. या व्यवस्थेत थोर कलाकृती निर्माण होऊ शकते, हे ‘धग’ने सिद्ध केले. तरी तीत एक अंतर राहते. बोलणारा एका भाषेत जगतो आणि त्याच्याविषयी विचार दुसऱ्या भाषेत होतो. निवेदनाची भाषाच बदलते तेव्हा काय घडते हे १९६३ मध्ये ‘कोसला’ने दाखवले. ‘काँटॅक्स’मध्ये हे अंतर पडद्यावरच दिसते: वर निवेदकाची प्रमाण भाषा, खाली अभिप्रायांत वाचकांची संदेशभाषा. पात्रांना सल्ला देणारे, त्यांच्या निर्णयांवर वाद घालणारे, आपल्या आयुष्यातील गोष्टी जोडणारे हे वाचक कथेच्या अंगणात आले, पण घराच्या आत त्यांची भाषा आली नाही.

खोसा अनुवादात हा पेच अधिक तीव्र होतो. खोसाची लेखनपरंपरा काल-परवाची नाही. तियो सोगा यांनी १८६० च्या दशकात जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा खोसात अनुवाद केला, १८८४ मध्ये जॉन टेंगो जबावू यांनी ‘इम्वो झाबान्त्सुन्दु’ हे वृत्तपत्र काढले, एस. ई. के. म्खायी यांच्यासारखा कवी वृत्तपत्रांच्या पानांतून पुढे आला. म्हणजे ही भाषा नियतकालिकाच्या हप्त्यांना सरावलेली आहे. पण मिशनच्या छापखान्यांनी घडवलेली तिची ग्रांथिक शैली वेगळी आणि केप टाउनच्या लांगा-गुगुलेतू वस्त्यांत बोलली जाणारी इंग्रजीमिश्रित खोसा वेगळी. याच वस्त्यांतील किशोरांच्या मोबाइलवरील वाचन-लेखनाचा अभ्यास केप टाउन विद्यापीठातील मॅरियन वॉल्टन यांनी या उपक्रमाच्या निमित्ताने केला. अनुवादकाने ग्रांथिक शैली वापरावी, तर कथा शाळेच्या पुस्तकासारखी वाटते. रस्त्यावरची वापरावी, तर ज्या शिक्षणासाठी उपक्रम उभा राहिला ते शिक्षणच कुरकुरते. शिवाय खोसा ही प्रत्यय जोडून लांब शब्द घडवणारी भाषा. इंग्रजीत तीन शब्दांत होणारी प्रेमाची कबुली तेथे ‘न्दियाकुथान्दा’ या एकाच शब्दात होते: करणारा, क्रिया आणि जिच्यावर प्रेम आहे ती व्यक्ती, सारे एकत्र. लहान पडद्यावर असा शब्द जवळजवळ ओळ व्यापतो. इंग्रजी संदेशाची तुटक लय त्यात जशीच्या तशी उतरणार नाही. तिला वेगळी लय शोधावी लागते. मजकूर एका भाषेतून दुसरीत हलवता येतो. आशयाला मात्र दुसऱ्या भाषेत नवा घाट मिळवावा लागतो, आणि हे काम अनुवादकावाचून होत नाही.

येथे मोजमापाच्या प्रश्नाचा निर्देश केला पाहिजे. युनेस्कोने २०१४ मध्ये मोबाइलवरील वाचनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, केनिया, नायजेरिया आणि झिम्बाब्वे या सात देशांतील वाचकांची पाहणी होती. मोबाइलमुळे आपले वाचन वाढले असे ६२ टक्के वाचकांनी सांगितले. वाचकांत पुरुष बहुसंख्य होते; पण स्त्रिया महिन्याला सरासरी २०७ मिनिटे वाचत होत्या, पुरुष ३३ मिनिटे. हे सर्व जण मोबाइलवर वाचनाचे एक विशिष्ट साधन आधीपासून वापरणारे होते, ही गोष्ट विसरता कामा नये. तरीही स्त्रियांच्या २०७ मिनिटांचा आकडा विचारात पाडणारा आहे. ज्यांना वाचनालयात जाण्याची मोकळीक नाही, घरात पुस्तक घेऊन बसण्याची उसंत नाही, त्यांना हातातील यंत्राने वाचनाचा एकांत मिळवून दिला असावा, असा तर्क करता येतो. तो एकांत कोणत्या कथांनी भरला हे मिनिटे सांगत नाहीत. ते सांगणे समीक्षेचे काम आहे.

हप्त्याने येणाऱ्या कथेबद्दल मराठीला दुरावा वाटण्याचे कारण नाही. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. साप्ताहिकाच्या नावातच रंजन होते, संपादकाच्या मनात बोधही होता, आणि वाचकांत नव्याने साक्षर झालेल्या स्त्रियाही होत्या. कादंबरी या दोन्ही हेतूंच्या पलीकडे गेली, कारण यमूच्या आत्मकथनाला तिची स्वतःची भाषा सापडली आणि त्या भाषेला पेलणारी संथ, साठत जाणारी रचनाही सापडली. जपानी कादंबरीला भाषा सापडली, रचना हुकली. आफ्रिकी कथेला रचना साधली, भाषा राखून ठेवली गेली. दोन्ही एकत्र आल्याखेरीज मोबाइलवरील कथा वाङ्मय म्हणून पूर्णत्वाला जाणार नाही. ‘फुंड्झा’ने तरुण वाचकांचे स्वतःचे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी वेगळा विभाग उघडला आहे, अंगणातील वाचक घरात येण्याची शक्यता तेथे दिसते. भारतीय भाषांत संदेशांतून कथा, कविता, आठवणी यांची रोजची देवघेव चालू आहे. त्यांतील बहुतेक लेखन सामान्य आहे. कोणत्याही काळातील बहुतेक लेखन तसेच असते.

एका बाबतीत मात्र विलंब परवडणारा नाही. ‘करमणूक’चे अंक ग्रंथालयांत आहेत, ‘पण लक्षात कोण घेतो!’ पहिल्या वाचकांना कशी भेटली हे आजही पाहता येते. ‘मिक्सिट’चा व्यवसाय २०१५ मध्ये बंद झाला. कथा अन्यत्र छापता येते, पण ती ज्या गर्दीत, ज्या उत्तर-प्रत्युत्तरांसह वाचली गेली तो संदर्भ सेवेबरोबर नाहीसा होतो. आणि या प्रकारात तो संदर्भ घाटाचाच भाग आहे. निरनिराळ्या भाषांतील अकादमींनी, विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी अशा लेखनाचे निवडक जतन आतापासून करावे आणि समीक्षकांनी ते अभ्यासक्रमाचे साहित्य म्हणून न वाचता कथा म्हणून वाचावे. तसे झाले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती मिनिटांचे आकडे राहतील आणि त्या मिनिटांत काय वाचले गेले हे कोणालाच सांगता येणार नाही.